पाठमोरी आण

बल्लारपुरात रहमीम किहीमकर मास्तरांना बरेच जण मुसलमान समजत. ईदेच्या दिवशी शुभेच्छा देत, आणि मास्तरही "तुम्हालाही" म्हणून मोकळे होत. आपण यहुदी आहोत हे समजावायचं तर थेट अब्राहामापासून सुरुवात करावी लागली असती, आणि रस्त्यात उभ्या माणसाला तेवढा वेळ नसतो. त्यांचे वडील रेल्वेत गार्ड होते. कोकणातून बदली होऊन इथे आले ते इथलेच झाले. आता सगळ्या जिल्ह्यात यहुद्यांचं हे एकच घर उरलं होतं. दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली मेझुझाची, म्हणजे धर्मवचनाची, नळी आणि शनिवारी न पेटणारा गॅस, एवढ्यावरूनच ते ओळखायचं.

अशाच एका शनिवारी दुपारी त्यांचा मुलगा इलान गाडी घेऊन आला. एटापल्लीच्या पुढे डोंगरातून लोखंडाचं खनिज काढणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला होता. गावागावांत जाऊन बोलणी करायची, संमती मिळवायची, हे त्याचं काम. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, दिवशी गाडी चालवू नये हे सांगणं मास्तरांनी तो कॉलेजात असतानाच सोडून दिलं होतं.

"पप्पा, तुमच्या विद्यार्थ्यानं मला नापास केलं," बूट काढता काढता इलान हसून म्हणाला.

"कोणत्या?"

"येरमेट्टाचा लच्छू. आता गावाचा गायता आहे तो."

येरमेट्टा म्हटल्यावर मास्तर ताठ बसले. तिथल्या आश्रमशाळेत त्यांनी तरुणपणाची अकरा वर्षं काढली होती. लच्छूचा हात धरून पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं. त्याचा बाप इतवारी तेव्हा गायता होता. गायता म्हणजे गावाचा मुख्यही तोच आणि डोंगरावरच्या पेनाची, म्हणजे देवाची, पूजा करणाराही तोच.

इलाननं सगळं सांगितलं. कंपनीला डोंगरावर रस्ता न्यायचा होता. गाव म्हणत होतं, डोंगराच्या खांद्यापर्यंत न्या, माथ्याला हात लावू नका. माथ्यावर ऐनाच्या झाडाखाली पेनाचा दगड होता. कंपनीनं कागद दाखवला. लच्छू म्हणाला, कागद लय पाह्यले, पेनावर हात ठेवून बोला.

"मी ठेवला. बूट काढले, हळद लावली, तांदूळ वाहिले, म्हटलं माथ्याला हात लागणार नाही. बोलायला काय जातं? तर हा म्हणतो, 'साहेब, तुमची आण चालत नाई. तुमचा हात कापला नाई.' त्याचा बाप आण घ्यायचा तेव्हा म्हणे त्याला घाम फुटायचा!"

"बरोबर बोलला तो."

"तुम्ही तरी असं म्हणू नका, पप्पा. मूर्तिपूजा म्हटली की आयुष्यभर तुमच्या कपाळाला आठी. तुमच्या धर्माप्रमाणे तो दगड फोडायला हवा."

"फोडायचा तर आपल्या घरातला. दुसऱ्याच्या घरातला नाही." मास्तरांचा आवाज वर्गात असायचा तसा सावकाश झाला. "हे बघ. जुन्या काळी माणसं दगडापुढे लोळायची. ती चूक होती, फार मोठी चूक. राजाच्या खुर्चीवर त्यांनी दगड बसवला. पण खुर्ची आहे, ती आपल्याहून उंच आहे, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून खोटं बोलताना त्यांची जीभ अडखळायची. तू ती खुर्चीच मोडून जाळलीस."

"थंडी होती," इलान म्हणाला.

त्यानं काढलेले बूट भिंतीशी सरकवले.

"आणि जाळायला सुरुवात कोणी केली? ह्याच्या देवात देव नाही, त्याच्या देवात देव नाही, असं म्हणत आपलेच लोक तीन हजार वर्षं जगाची घरं रिकामी करत फिरले. मी फक्त शेवटची खोली झाडली."

वर्गात अवघड प्रश्न आला की मास्तर "उद्या सांगतो" म्हणत आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सांगत. इलानच्या ह्या प्रश्नाचा उद्या मात्र वीस वर्षांत उजाडला नव्हता.

"ते जाऊ द्या," इलान म्हणाला. "लच्छू म्हणतो, मास्तरनं त्याच्या देवाची आण घेतली तर चालेल. त्याच्याच शब्दांत सांगतो. 'मास्तरचा पेन दिसत नाई, पण मास्तर त्याले भितो, हे आमी अकरा वर्षं पाह्यलं.'"

हे ऐकून मास्तरांच्या छातीत काहीतरी फुललं. त्या अकरा वर्षांत ते पेनापुढे एकदाही वाकले नव्हते, की जत्रेतल्या बकऱ्याचा तुकडा त्यांनी तोंडात घातला नव्हता. गावानं त्याचा राग धरला नाही. शनिवारी मास्तर काडी ओढत नाहीत हे पाहून लच्छूची आई बुधरी न सांगता येऊन त्यांची चूल पेटवून जायची. त्यांनी कोणाला आपला धर्म शिकवला नव्हता. आणि आज चाळीस वर्षांनी ते लोक आपण होऊन त्यांच्या देवाचं नाव मागत होते.

मास्तरांचे वडील म्हणत, खऱ्यासाठीसुद्धा देवाची शपथ घेऊ नये. ते मास्तरांना आठवलं. पण फुललेली छाती लवकर खाली बसत नाही.

"माथा राहील?" त्यांनी विचारलं.

"राहील."

"माझ्याकडे बघून सांग."

"राहील, पप्पा. नकाशा दाखवू?" त्यानं मोबाईल पुढे केला. रस्त्याची तांबडी रेघ डोंगराच्या खांद्यावर येऊन थांबली होती. मास्तरांनी चष्मा लावून ती नीट पाहिली आणि मान हलवली.

पुढच्या आठवड्यात दोघे येरमेट्टाला गेले. बहात्तर वर्षांचे मास्तर काठी टेकत, बसत उठत डोंगर चढले. वाटेत त्यांच्या डोक्यात एकच घोर होता, तो त्या दगडाचा. आपल्या हातून मूर्तीला मान दिल्यासारखं काही व्हायला नको. जुन्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मशास्त्र्यांनी, ह्यावर खूप खल केला आहे. लोक डोंगराला पुजत असले म्हणून डोंगर निषिद्ध होत नाही, त्यावर चढावं, तिथली फळं खावीत. मूर्तीला वाहिलेल्या वस्तूला मात्र शिवू नये. म्हणजे डोंगरावर उभं राहायला हरकत नव्हती. हळद नको, तांदूळ नको, दगडाकडे तोंड नको. तोंड पश्चिमेला, यरुशलेमच्या दिशेला असावं. हातात आपला धर्मग्रंथ, तोरा, असावा. परीक्षेला निघालेल्या मुलासारखी त्यांनी मनातल्या मनात दहा वेळा उजळणी केली.

माथ्यावर सारं गाव जमलं होतं. लच्छू हळदीचं बोट घेऊन पुढे आला. मास्तरांनी मान मागे घेतली, तसा तो हसला.

"मालूम हाये मास्तर. अजून तसेच हा तुमी."

मास्तर दगडाकडे पाठ करून उभे राहिले. बुधरी आता पार वाकली होती. ती म्हणाली, "पेनाकडं पाठ करता? भेव नाई वाटत, मास्तर?"

"वाटतं ना, बाई. माझ्या देवाचं वाटतं, म्हणूनच पाठ केली."

लोकांना हे फार पटलं. एवढा भिणारा माणूस खोटं कसं बोलेल?

मास्तरांनी देवाचं नाव घेतलं. त्या नावाला साक्ष ठेवून सांगितलं, ह्या माथ्याला हात लागणार नाही. बोलताना हातातलं पुस्तक थरथरलं. सगळ्यांनी ते पाहिलं. बुधरीनं पदर डोळ्यांना लावला. मग लच्छूनं कागदावर सही केली आणि त्याच्यामागे एकेकानं अंगठे उठवले.

मास्तरांचं सगळं लक्ष पाठीमागच्या दगडाकडे होतं. तो त्यांना भुलवेल अशी त्यांना धास्ती होती. समोर हातात फाईल घेऊन त्यांचा मुलगा उभा होता, त्याची धास्ती त्यांना वाटली नाही. चौथीच्या पोरानं वर्गात विचारला असता असा साधा प्रश्न त्यांनी विचारला नाही. रस्ता खांद्यापर्यंत गेला, आणि मग पुढे?

रस्ता दिवाळीला झाला. मार्चमध्ये लच्छूनं मास्तरांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नव्हता. आधी धूळ दिसली, मग आवाज आला. धूळ बसल्यावर ऐनाचं झाड मुळ्या वर करून पडलेलं दिसलं. माथा जिथे असायला हवा होता तिथे आभाळ होतं.

त्यांनी इलानला फोन लावला.

"तो रस्त्याचा नकाशा होता, पप्पा. खाणीचा वेगळा असतो."

"तू म्हणालास माथा राहील."

"म्हणालो. पण मी आण घेतली का? माझी तर त्यांनी घेतलीच नाही. आण तुम्ही घेतलीत."

इलानच पुढे बोलत राहिला.

"आणि झालं काय? तुम्ही आहात ना ठणठणीत? मीही आहे. मला तर बढती मिळाली, तेच सांगायला फोन करणार होतो. आता तरी मानाल, वर कोणी हजेरी घेत नाही?"

मास्तरांनी उपास धरले. सोमवार-गुरुवारी तोंडात पाणीही घातलं नाही. आयुष्यभर त्यांनी घरच्यांच्या बऱ्यासाठी प्रार्थना केली होती. आता ते शिक्षा मागत होते. माझ्यावर येऊ दे, पोरावर नको, पण येऊ दे. काहीतरी येऊ दे. महिन्याभरानं चक्कर आली म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मास्तरांना मनातून बरं वाटलं. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "नुसता अशक्तपणा आहे. जेवत जा. हृदय तर तरुण माणसाला लाजवेल असं आहे, मास्तर. नव्वदी गाठता तुम्ही."

इतकं वाईट वाक्य त्यांना कधी कोणी ऐकवलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला ते बस धरून येरमेट्टाला गेले. गावात कोणी शिव्या दिल्या नाहीत. लच्छूनं बाज टाकली, लोटाभर पाणी दिलं. माणसं भोवती येऊन बसली आणि दुखणाईताला पाहावं तशी त्यांच्याकडे पाहू लागली.

"ताप गीप आला का, मास्तर?" लच्छूनं विचारलं.

"नाही."

"हात पाय?"

"बरे आहेत."

"घरातलं कोनी गेलं?"

"नाही."

"लेक?"

मास्तरांनी खाली पाहिलं. "त्याला बढती मिळाली."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"तीन महिने वाट पाह्यली आमी," लच्छू म्हणाला. "बाबाच्या वक्ती एकानं खोटी आण घेतली होती. आठ दिवसांत त्याचा बैल गेला, महिन्यात तो गेला. आता आमचा पेन तुकडे होऊन ट्रकमधी गेला. त्यानं डायवरचं बी काई केलं नाई. म्हटलं चाला, मास्तरचा तरी काई करन. त्याच्या नावानं मास्तर किती कापून राह्यले होते!"

"मला मारा," मास्तर म्हणाले. "गावानं दंड द्यावा, झाडाला बांधावं. मी तक्रार करणार नाही."

लच्छू भिंतीकडे बघत राहिला. शाळेत गणित सोडवताना तो असाच भिंतीकडे बघायचा.

"नाई, मास्तर. आमी मारलं त तुमी सुटाल."

पलीकडे पोरींचा खेळ चालला होता. एकीनं दुसरीवर ओरडून म्हटलं, "खोटारडी! मास्तरची आण घेते!" आणि बाकीच्या हसल्या. मास्तरांनी लच्छूकडे पाहिलं.

"आता तसंच म्हनतात," लच्छू म्हणाला. "पोट्टेच ते. तुमाले ओळखत नाई."

"बुधरी बाई कुठे आहेत?"

"घरात हाये. ते तुमच्या संग बोलत नाई."

पण आतून आवाज आला. म्हातारी कुडाच्या भिंतीला टेकून बसली असावी, कारण आवाज अगदी जवळून आला. "मास्तर, फसवाचंच होतं त नुसतं फसवाचं. त्याचं नाव काऊन घेतलं?"

मास्तर बाजेवरून उठले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "बाई, माझा देव आहे. तो आहे. गप्प आहे एवढंच."

उत्तर बाहेरून आलं. लच्छूच बोलला. "आमचा बी गप्पच राहे, मास्तर. त्याले तुमी दगड म्हनत होते."

मास्तर पुन्हा बसले. एवढ्या वेळात त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं ते आता आलं. लच्छूच्या अंगात पिवळं जॅकेट होतं आणि त्यावर कंपनीचं नाव होतं. तेवढ्यात गावाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लच्छू उठला.

"मले जा लागते. इलान साहेबांची गाडी आली. पल्याड वारलू गायताच्या गावाले सभा हाये."

"कसली सभा?"

"रस्त्याचीच. त्याईचा डोंगर बी घ्याचा हाये. मी त्याईच्या पेनावर हात ठेवतो आन सांगतो, का माथ्याले हात लागनार नाई. तिथले लोक अजून भितात. माझी आण चालते त्याईले, मी गायता ना."

मास्तरांना आधी वाटलं तो थट्टा करतो आहे. मग त्यांनी त्याचं मनगट धरलं. "लच्छू! माथा जाणार हे तुला ठाऊक आहे."

"हाये."

"मला ठाऊक नव्हतं रे!"

"मले हाये. एवढाच फरक."

"भीती नाही वाटत?"

"वाटे. आता नाई. पाह्यलं ना डोळ्यानं, काई होत नाई. लय हलकं वाटते, मास्तर." त्यानं मनगट सोडवून घेतलं, पण हिसका दिला नाही. "तुमीच त शिकवलं, दगडात काई नसते."

"मी एवढंच नाही शिकवलं. दगडाच्या वर कोणी आहे, हे पण..."

"ते तुमी कधी सांगतलं नाई. ते आमी तुमच्याकडं पाहून समजत होतो."

तो गेला. गाडीतून इलाननं वडिलांना पाहिलं असावं, कारण गाडी सुरू होऊन पुन्हा थांबली. मग निघून गेली.

आयुष्यभर मास्तरांच्या मनात एक गुप्त इच्छा होती. ती त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती. ह्या भल्या माणसांनी एक दिवस दगड सोडावा. तो दिवस आला होता. येरमेट्टानं दगड सोडला होता आणि त्या जागी काहीच ठेवलं नव्हतं. ती खोली मास्तरांनी स्वतःच्या हातानं झाडून दिली होती.

मात्र पल्याडचं गाव अजून भीत होतं. ते उठले. गाडीरस्त्यानं ते गाव लांब होतं, पायवाटेनं दीड कोस. ऊन कडक होतं. तेंदूच्या झुडपांतून काठी आपटत, दोनदा खाली बसत, एकदा पडून खरचटत ते चालले. आपण वेळेवर पोचावं एवढंच मागत होते. शिक्षा मागायचं त्या वाटेवर ते विसरले.

गावाच्या टोकाला मोहाच्या झाडाखाली सभा भरली होती. लच्छूची आण घेऊन झाली होती. त्याच्या बोटांना हळद लागलेली होती आणि तो शांतपणे पाणी पीत होता. इलान फाईल उघडून बसला होता. मधोमध पांढऱ्या मिशांचा वारलू शाईच्या डबीचं झाकण काढत होता.

"थांबा," मास्तर ओरडले. "अंगठे लावू नका!"

वारलूनं त्यांच्याकडे पाहिलं. कपडे धुळीनं भरलेले, कोपरातून रक्त येतंय. "जोहार. तुमी कोन, भाऊ?"

"मी येरमेट्टाचा जुना मास्तर."

"पेनाकडं पाठ करून आण घेतली, ते?"

"तोच. ती आण खोटी ठरली. माथा गेला. आता लच्छूनं घेतली ती पण खोटी आहे. तुमचाही डोंगर जाईल. माझं ऐका."

सभेत कुजबुज झाली. इलान उठायला लागला, तसं वारलूनं हातानं त्याला बसवलं. म्हातारा न्यायानं चालणारा होता. समोरच्याला पुरतं विचारल्याशिवाय तो निकाल देत नसे.

"तुमी आपल्या देवाच्या नावानं खोटं बोलले?"

"हो."

"आन तुमच्या देवानं तुमाले काई केलं नाई?"

"अजून नाही."

"लच्छू गायतानं आमच्या पेनावर हात ठेवला. त्याच्यावर बी आमी अजून काई पडताना पाह्यलं नाई. त्याचं खोटं आमाले मालूम नाई. तुमचं मालूम हाये, तुमीच सांगून राह्यले." वारलू हे समजावून सांगत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मंग मले एक सांगा, भाऊ. लच्छू खोटा हाये, हे आता तुमी कोनाच्या नावानं बोलून राह्यले?"

मास्तरांनी तोंड उघडलं. जगात त्यांच्यापाशी एकच नाव होतं. ते जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं, आणि तिथे थांबलं. ते घेतलं तर सभा हसेल. न घेतलं तर त्यांच्या बोलण्याला काहीच वजन नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वारलूनं पुरेशी वाट पाहिली.

"याईले सावलीत बसवा. पाणी द्या," तो म्हणाला, आणि त्यानं आपला अंगठा शाईत बुडवला.

इलाननं वडिलांच्या दंडाला धरून त्यांना झाडाच्या बुंध्याशी नेलं. हातरुमालानं कोपर पुसलं. "कशाला एवढं चालत यायचं, पप्पा? सांगितलं असतं तर गाडीतून आणलं असतं," तो खरोखरीच्या मायेनं म्हणाला. मग त्याला फाईल धरायला जावं लागलं, कारण कागद वाऱ्यानं उडत होते आणि रांग बरीच लांब होती.